बाळाच्या हृदयात होल: थांबायचं कधी आणि धावायचं कधी?

मागच्या अंकात जन्मजात हृदयदोषांवर चार ओळी आल्या होत्या, त्यावर बडोद्यातून इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काहीतरी दोष असतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्यातल्या कुणापासूनच फार लांब नाही. एक विनंती मात्र आधीच करते. बहुतेकांनी फक्त "हार्टमध्ये होल आहे" एवढंच लिहिलंय, पण कोणत्या भिंतीत, किती मिलिमीटर, फुफ्फुसांकडचं प्रेशर किती, हे कळल्याशिवाय कुणीच काही सांगू शकत नाही, मीही नाही आणि तुमच्या सोसायटीतले काकाही नाहीत. एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट काढा, समोर ठेवा आणि मग पुढचं वाचा.

प्रश्न: माझा नातू अडीच महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा २ किलो ९०० ग्रॅम होता, आता ३ किलो ६००. दीड महिन्याच्या लशीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासली आणि आवाज येतोय म्हणाले, टूडी एको केला तर ७ मिमीचा व्हीएसडी निघाला. दूध पिताना मध्येच थांबतो, कपाळाला घाम येतो. जन्मल्यावर तर सगळं नॉर्मल सांगितलं होतं, मग तेव्हाच्या डॉक्टरांनी नीट बघितलंच नाही का? आणि शेजारी सांगतात की दहा किलोचा झाल्याशिवाय ऑपरेशन करूच नका, होल आपोआप बुजतात. – एक आजी, दांडिया बाजार

उत्तर: आजी, पहिल्या डॉक्टरांवरचा राग सोडा, त्यांना तेव्हा आवाज आला नसणार आणि त्याला कारण आहे. व्हीएसडी म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीतलं छिद्र. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं श्वासाचं काम करत नसतात, त्यामुळे जन्मल्याबरोबर तिकडचं प्रेशर खूप जास्त असतं, डाव्या आणि उजव्या बाजूचं प्रेशर जवळजवळ सारखंच. मग छिद्रातून रक्त फारसं वाहतच नाही, आणि वाहत नाही म्हणून आवाजही नाही. पुढच्या काही आठवड्यांत फुफ्फुसांचं प्रेशर उतरतं, तसं डावीकडचं रक्त छिद्रातून उजवीकडे आणि तिथून फुफ्फुसांत घुसायला लागतं. म्हणूनच मोठ्या व्हीएसडीची बाळं पहिले काही आठवडे छान असतात आणि महिना-दीड महिन्यानंतर धापा टाकायला लागतात.

आता बुजण्याचं. व्हीएसडी बुजतात हे खरं आहे, पण कोणते ते शेजाऱ्यांनी नाही सांगितलं. भिंतीच्या मांसल भागातली बारकी छिद्रं बहुतेक वेळा पहिल्या दोन-चार वर्षांत आपोआप बंद होतात, औषधही लागत नाही. झडपेच्या जवळची, रिपोर्टमध्ये पेरिमेम्ब्रेनस लिहिलेली असतात ती, त्यातली काही लहान होत जातात आणि काही नाही होत. आणि महाधमनीच्या, म्हणजे शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीच्या, झडपेच्या अगदी खालची असतात ती बुजत नाहीत, उलट छिद्र लहान असलं तरी हळूहळू त्या झडपेचा पडदा खाली ओढला जाऊन ती गळायला लागू शकते. म्हणून जागा विचारायची, नुसता आकार नाही. तरी साडेतीन किलोच्या बाळात ७ मिमी म्हणजे मोठंच छिद्र, कारण एवढ्या बाळाच्या महाधमनीचं तोंडच साधारण तेवढं असतं.

आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट मिलिमीटर नाहीत, वजन आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन रोज २५-३० ग्रॅम वाढायला हवं, म्हणजे तुमचा नातू आत्ता साडेचार ते पाच किलोच्या आसपास पाहिजे होता. तो थोडं ओढतो, दमतो, घामाघूम होतो, झोपतो, पुन्हा भुकेने उठतो. त्याला भूक नाही असं नाहीये, दूध पिणं हेच त्याच्यासाठी मोठं श्रमाचं काम झालंय. डॉक्टर बहुतेक फ्युरोसेमाइडसारखं लघवीवाटे पाणी काढणारं औषध देतील, दूध थोडं थोडं पण जास्त वेळा द्यायला सांगतील, कधी आईचं दूध काढून त्यात जास्त कॅलरी मिसळून वाटी-चमच्याने. तेवढ्यावर वजन वाढलं तर काही महिने नीट बघत थांबता येतं. नाही वाढलं तर ऑपरेशन. दहा किलोची अट जुन्या काळातली आहे, आता मोठे व्हीएसडी तीन ते सहा महिन्यांच्या, पाच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमध्येही बंद करतात. दहा किलोची वाट बघायची म्हटली तर हे बाळ दहा किलोचं होणार कसं, कारण होलच त्याला वाढू देत नाहीये!

अजून एक सांगते आणि हे सगळ्यांनीच वाचा. मोठ्या होलच्या मुलाचं ऑपरेशन लांबवलं तर कधी कधी वर्षभराने तो "बरा" झालेला दिसतो, घाम कमी, धाप कमी, न्यूमोनिया कमी, घरात सगळे म्हणतात देवाची कृपा. होल मोठं असेल तर ही सुधारणा घातक असू शकते. सतत जास्त रक्त आणि प्रेशर झेलून फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक व्हायला लागलेल्या असतात म्हणून तिकडे रक्त कमी जातं. आणखी पुढे गेलं की प्रवाह उलटा फिरतो, मूल निळं पडायला लागतं, याला आयझेनमेंगर म्हणतात, आणि त्यानंतर होल बंद करताच येत नाही. त्यामुळे आजी, बाळ बरं दिसायला लागलं तरी एकोची तारीख चुकवू नका. श्वास मिनिटाला ५० च्या वर जायला लागले किंवा श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जायला लागला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात. लशी मात्र सगळ्या वेळेवर द्या, न्यूमोनियाची तर नक्कीच.

प्रश्न: चार वर्षांच्या मुलाला ताप होता तेव्हा डॉक्टरांना हृदयात मर्मर ऐकू आला. खेळतो, पळतो, वजन चांगलं आहे. झोप उडालीये. – कारेलीबाग

उत्तर: झोपा निवांत. या वयात असा आवाज कितीतरी धडधाकट मुलांमध्ये असतो, ताप आला की रक्त जोरात वाहतं आणि आवाज वाढतो, ताप उतरला की कमी होतो किंवा जातोच. ताप गेल्यावर पुन्हा तपासून घ्या, शंका वाटली तर डॉक्टर एको करायला सांगतील. आणि आवाज मोठा म्हणजे दोष मोठा असंही नसतं, नळाच्या पाइपावर अंगठा दाबला की पाणी जास्त सूं सूं करतं तसं बारीक छिद्र जास्त आवाज करतं आणि खूप मोठं छिद्र कधी कधी गप्प असतं.

प्रश्न: माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. रडला की ओठ आणि नखं जांभळी होतात, थोडं पळाला की उकिडवा बसतो. टीओएफ सांगितलंय, ऑपरेशन लगेच करा म्हणतात पण सासरचे म्हणतात अजून लहान आहे, पाच-सहा वर्षांचा होऊ दे. गेल्या आठवड्यात सकाळी उठल्या उठल्या रडता रडता एकदम काळानिळा पडला आणि मान टाकली, मग आपोआप बरा झाला. – एक आई, वाडी

उत्तर: ताई, हे वाचून लगेच फोन उचला आणि तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना तो सकाळचा प्रकार सांगा. त्याला स्पेल म्हणतात, आणि एक स्पेल आला की थांबण्याचा विषय संपतो.

टीओएफ म्हणजे टेट्रालॉजी ऑफ फॅलो. फ्रान्समधल्या मार्सेयच्या फॅलो नावाच्या डॉक्टरने १८८८ साली या चार गोष्टी एकत्र मांडल्या म्हणून ते नाव: खालच्या कप्प्यांमधलं मोठं छिद्र, फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी बरोबर छिद्राच्या वर सरकलेली, आणि या सगळ्यामुळे जाड झालेला उजवा कप्पा. फुफ्फुसाकडची वाट अरुंद असल्यामुळे ऑक्सिजन न मिळालेलं रक्त छिद्रातून थेट शरीरात जातं, म्हणून जांभळेपणा. रडताना, शौचाला जोर करताना, सकाळी उठल्यावर ती वाट अजून आवळली गेली की स्पेल येतो. मूल उकिडवं बसतं ते उगाच नाही, पाय दुमडले की शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो आणि जास्त रक्त फुफ्फुसाकडे वळतं, मुलांना हे कुणी शिकवत नाही, आपोआप करतात. तुम्हीही तेच करायचं, स्पेल आला की त्याला छातीशी धरून दोन्ही गुडघे त्याच्या पोटाशी दुमडायचे, आपण घाबरून ओरडायचं नाही, त्याला शांत करायचं आणि तसंच घेऊन हॉस्पिटल गाठायचं. डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल दिलं असेल तर एकही डोस चुकवायचा नाही.

अजून दोन गोष्टी, ज्या बऱ्याच घरांत माहीत नसतात. एक म्हणजे अशा मुलाचं हिमोग्लोबिन १२ आलं तर "चला, नॉर्मल आहे" म्हणू नका. जांभळ्या मुलाचं शरीर ऑक्सिजनची कसर भरायला जास्त रक्तपेशी बनवतं, त्यामुळे १२ हे त्याच्यासाठी कमीच, लोह द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा. दुसरं म्हणजे पाणी. हे रक्त दाट असतं, आपल्याकडच्या मे महिन्यात किंवा जुलाब-उलट्यांत शरीर सुकलं तर मेंदूत रक्ताची गाठ होऊन लकवा मारू शकतो, म्हणून जुलाब सुरू झाल्याबरोबर ओआरएस आणि त्याच दिवशी डॉक्टर. ताप आणि सोबत डोकेदुखी किंवा उलट्या असल्या तरी घरी बसायचं नाही.

सासरच्यांना सांगा की हे ऑपरेशन आता साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत करतात, त्यामुळे तीन वर्षं म्हणजे लहान नाही, उशीरच झालाय, पण अजूनही चांगलं होतं. त्यांना एक गोष्टही सांगता येईल. २९ नोव्हेंबर १९४४ ला अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये अशाच एका निळ्या बाळावर पहिलं ऑपरेशन झालं, तेव्हा हार्ट-लंग मशीनही नव्हतं. त्यामागे हेलन टॉसिग होत्या, मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर, ज्यांना नीट ऐकू येत नव्हतं म्हणून छातीवर हात ठेवून हृदय समजून घ्यायच्या, सर्जन होते ब्लॅलॉक, आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाके कसे घ्यायचे ते सांगत होते व्हिव्हियन थॉमस, ज्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवीच नव्हती आणि कृष्णवर्णीय म्हणून कितीतरी वर्षं त्यांचं नावही पुढे आलं नाही. तेव्हा फुफ्फुसाकडे रक्त नेणारी फक्त एक जोडवाट केली होती, आज छिद्र बंद करून वाट मोकळी करतात आणि मुलं शाळेत जातात. फक्त ऑपरेशननंतर आयुष्यभर दरवर्षी दाखवत राहायचं, पुढे मोठेपणी फुफ्फुसाकडची झडप बदलावी लागू शकते.

प्रश्न: माझ्या नणंदेचं बाळ दोन दिवस अगदी छान होतं, तिसऱ्या दिवशी निळं पडलं आणि गेलं. नंतर कळलं की हृदयाच्या नळ्या उलट्या होत्या. मला चौथा महिना आहे, माझ्या नवऱ्याला भीती वाटते. काय तपासायचं? – मांजलपूर

उत्तर: तुमच्या नणंदेचं दुःख फार मोठं आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांच्याकडून काही राहिलं असं कुणी त्यांना म्हणू नये. दोन मोठ्या धमन्या अदलाबदल होऊन जन्मलेलं बाळ, टीजीए म्हणतात, पहिले एक-दोन दिवस एका छोट्या नळीच्या जिवावर तग धरतं. पोटात असताना प्रत्येक बाळाला ही नळी असते, डक्टस, आणि जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत ती मिटते. आपल्या-तुपल्यासाठी ती मिटणं चांगलं, या बाळांसाठी तेच संकट. वेळेत कळलं तर प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन शिरेतून चालू ठेवून नळी उघडी ठेवतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत धमन्या जागच्या जागी लावतात. हे ऑपरेशन ब्राझीलच्या जातेने यांनी १९७५ मध्ये यशस्वी केलं आणि आज ते आपल्या देशातही होतं.

तुम्ही दोन गोष्टी करा. १८ ते २२ आठवड्यांत नेहमीच्या सोनोग्राफीशिवाय फीटल एको करून घ्या, म्हणजे बाळाच्या हृदयाचीच वेगळी, सविस्तर तपासणी, आणि नणंदेच्या बाळाचे कागद असतील तर सोबत न्या. नवऱ्याच्या भाच्याला होतं म्हणून तुमच्या बाळाला होईलच असं अजिबात नाही, धोका किंचितच वाढतो, स्वतःचं आधीचं मूल तसं असतं तर तो शंभरात दोन ते पाच धरतात. तरी तपासलेलं बरं, कारण दोष आधी कळला तर बाळंतपण हार्टच्या सोयीच्या हॉस्पिटलजवळ ठरवता येतं आणि तिथेच जीव वाचतो. दुसरं, बाळ २४ तासांचं झालं की घरी न्यायच्या आधी रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर उजव्या हाताला आणि एका पायाला लावायला सांगा. ऑक्सिजन ९५ टक्के किंवा जास्त आणि दोन्हींत तीनपेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. ९० च्या खाली तर ताबडतोब एको. पाच मिनिटांचं काम आहे, मागून घ्या, संकोच करू नका. फक्त हेही लक्षात असू द्या की सगळेच दोष यात पकडले जात नाहीत, म्हणून घरी आल्यावर बाळ दूध नीट ओढत नसेल, राखाडी किंवा थंड वाटत असेल तर पुन्हा धावायचं.

प्रश्न: ग्रहणात मी भाजी चिरली म्हणून मुलीच्या हृदयात छिद्र राहिलं असं सासूबाई सगळ्यांना सांगतात. – नाव नको

उत्तर: ताई, हा अंक उघडा करून स्वयंपाकघरात ठेवा. बाळाचं हृदय गर्भारपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांतच आकार घेतं, तेव्हा कितीतरी बायकांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. ग्रहण, सुरी, सुई, पपई, यांचा काही संबंध नाही. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही, आणि ज्याचं कारणच सापडत नाही त्याचा दोष आईच्या माथी मारणं हा अन्याय आहे, मी हे स्पष्ट लिहिते.

ज्यांचा संबंध असतो त्या गोष्टी वेगळ्या आहेत: दिवस राहण्याआधीपासून असलेली आणि ताब्यात नसलेली शुगर, फिटची काही औषधं, मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, दारू, जवळच्या नात्यात लग्न, बाळात डाउन सिंड्रोम, आणि पहिल्या तीन महिन्यांत आईला झालेला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. रुबेलाचा धागा १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने पकडला होता. लस आहे, पण ती गरोदर राहण्याच्या निदान महिनाभर आधी घ्यायची, गरोदरपणात नाही. आणि फिटची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या.

प्रश्न: मुलगी सोळाची. वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत छिद्र, म्हणजे एएसडी होता, मार्चमध्ये मांडीतून वायर घालून डिव्हाइस बसवलं. आता नवरात्र आलंय, तिला नऊही रात्री गरबा खेळायचाय. आणि खरं सांगू, तिच्या लग्नाचं काय ही पण काळजी आहे. – रावपुरा

उत्तर: बडोद्यात राहून गरबा नको म्हणणं म्हणजे तिला शिक्षाच! डिव्हाइस बसवल्यावर हळूहळू हृदयाचंच अस्तर त्यावर चढतं, त्याला साधारण सहा महिने लागतात, तोपर्यंत अ‍ॅस्पिरिन असतं आणि दात काढण्यासारख्या कामाआधी अँटिबायोटिक लागतं. मार्च ते नवरात्र म्हणजे तो काळ होत आला किंवा संपला. एक एको करून घ्या, डिव्हाइस जागेवर आहे, प्रेशर नॉर्मल आहे, ठोके नीट आहेत असं आलं की डॉक्टरांना सरळ विचारा आणि खेळू द्या, शेरी गरबा काय आणि मोठं मैदान काय. पाणी पीत राहा, उपास कडक नको. खेळताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, ठोके वेडेवाकडे होणं, यातलं काही झालं तर मात्र तिथेच थांबायचं आणि दाखवायचं. हे उत्तर फक्त बंद झालेल्या एएसडीचं आहे, ज्यांच्या महाधमनीची झडप जन्मतः खूप अरुंद आहे किंवा फुफ्फुसांचं प्रेशर वाढलेलं आहे त्यांनी यावरून उड्या मारू नका.

लग्नाचं म्हणाल तर एएसडी वेळेवर बंद झाला आणि फुफ्फुसांचं प्रेशर नॉर्मल असेल तर संसार, बाळंतपण सगळं इतरांसारखंच. कितीतरी बायकांना हे छिद्र चाळिशीत धाप लागल्यावर कळतं, तुमच्या मुलीचं सोळाव्या वर्षी कळलं आणि दुरुस्तही झालं. तिच्यापासून काही लपवू नका आणि समोरच्यांपासूनही नको, फाइल तिच्याच ताब्यात द्या. तिला गरोदरपणात ती डॉक्टरांना दाखवावी लागेल.

प्रश्न: अकरा वर्षांच्या मुलाचं बीपी शाळेच्या तपासणीत १५० आलं. मीठ कमी केलंय. – मकरपुरा

उत्तर: मीठ राहू द्या बाजूला. डॉक्टरांना सांगा की हातांचं आणि पायांचं, दोन्हीकडचं बीपी घ्या आणि जांघेतली नाडी बघा. पायांत नाडी मंद आणि बीपी कमी असेल तर महाधमनी एका जागी जन्मतः चिमटलेली असू शकते, त्याला कोआर्क्टेशन म्हणतात, आणि ते फुग्याने किंवा स्टेंटने, कधी ऑपरेशनने उघडता येतं. नसेल तर किडनीची तपासणी. पण या आठवड्यातच.

प्रश्न: रिक्षा चालवतो. बाळाला ऑपरेशन सांगितलंय, खर्च ऐकून घरात कुणी जेवलं नाही. – प्रतापनगर

उत्तर: दादा, कर्ज काढू नका, दागिने विकू नका, आधी हे करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (आरबीएसके), आपल्या गुजरातमध्ये शाळा आरोग्य योजना म्हणून ओळखतात त्यात, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना हृदयाच्या ऑपरेशनची मदत मिळते. मूल शाळेत जात नसलं तरी चालतं, ही टीम अंगणवाडीतही येते. तुमच्या भागातल्या आशाताईंना किंवा अर्बन हेल्थ सेंटरला जाऊन आरबीएसकेच्या डॉक्टरांचं नाव विचारा, ते कागद करून पुढे पाठवतात. अहमदाबादला सिव्हिलच्या आवारात यू. एन. मेहता हॉस्पिटल आहे, लहान मुलांच्या हृदयाची मोठमोठी ऑपरेशनं तिथे होतात. सत्य साईंचं हार्ट हॉस्पिटल अहमदाबादला आणि राजकोटला आहे, तिथे पैसेच घेत नाहीत, पण नंबर लागतो, म्हणून आजच नाव घाला. आयुष्मान कार्ड असेल तर तेही सोबत ठेवा.

जाताना एकोचा मूळ रिपोर्ट, जन्माचा दाखला, रेशन कार्ड, आधार आणि लशीचं कार्ड न्या, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, आणि सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये. निघायच्या आदल्या दिवशी बाळाला सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर आधी फोन करा, कारण त्या अवस्थेत ऑपरेशन बहुतेक वेळा पुढे ढकलतात आणि अहमदाबादचा हेलपाटा, तुमचा दिवसभराचा धंदा, दोन्ही वाया जातं. मात्र बाळाला धाप लागली असेल किंवा ते निळं पडत असेल तर तारीख, कागद काही बघू नका, १०८ लावा आणि सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला पोचा, कागद मागून येतील.